एबो स्टेजवरून उतरला तेव्हा

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावात एबो एजिरच्या ट्रंपेटवर नाचली नाही अशी बाई शोधून सापडली नसती. एक सोडून. ती म्हणजे त्याची बायको, अराबा.

त्याचं गाजलेलं गाणं तसं साधंच. एक कोळी आपल्या सखीला विनवतो, थांब गं, भरती ओसरू दे, मग जा. एवढाच मामला. पण सुरुवातीचे ट्रंपेटचे संथ सूर निघाले, की सकाळी भांडलेली जोडपीसुद्धा मुकाट्यानं उठून उभी राहत. रेकॉर्डी झिजल्या, बँडमधली निम्मी माणसं गेली, पोरांनी नवी गाणी आणली. तरी लग्न असो की मयत, शेवटची फर्माईश याचीच. आणि ते सूर एबोचे, म्हणून एबो कायम स्टेजवर. अराबा खाली टेबलाशी, नाचणाऱ्या बायकांच्या पर्सा सांभाळत.

"एकदा तरी खाली या की," ती म्हणायची.

"मग वाजवणार कोण, तुझा बाप?" हा ठरलेला जबाब. मग जरा विरघळून, "पुढच्या नाताळात येतो. नक्की."

नाताळ येत गेले, जात गेले. एबोचा दम टिकला, अराबाचे गुडघे टिकले नाहीत.

शनिवारी तिचंच मयत होतं. तिला पुरून आल्यावर सगळे सुतकाच्या काळ्या-लाल वस्त्रांत मांडवाखाली बसले आणि बँडनं तेच गाणं धरलं. अशा वेळी जवळच्या माणसानं आधी नाचायचं, मग बाकीच्यांनी पांढरे रुमाल हलवत त्याच्याभोवती यायचं. सगळे एबोकडे बघू लागले. ढेरपोट्या ट्रंपेटवाल्यानं वाकून वाद्य पुढं केलं. "मास्तर, तुमच्याशिवाय मजा नाही."

एबोचा हात सवयीनं पुढं गेला. त्यानं तो मागं घेतला. "आज तूच वाजव, बाबा."

तो मांडवाच्या मधोमध गेला खरा, पण पाय हलेनात. जन्मभर लोकांना नाचवलं, स्वतःला एक पाऊल ठाऊक नाही. त्याला भयंकर लाज वाटली. अराबाची धाकटी बहीण एकुआ पुढं आली. तिनं त्याचा हात धरला.

"आधी उजवा पाय, भावोजी. ताई अशीच नाचायची."

"अराबा? तिला कुणी नाचवलं?"

"मी! तुम्ही आत सराव करायचात ना, तेव्हा अंगणात मी पुरुष व्हायची. तुमच्यासारखी छाती काढून. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. मग तुम्ही आतून ओरडायचात, काय गोंधळ लावलाय म्हणून, आणि दार लोटायचात."

एबोला ते दार आठवलं. लाकूड फुगल्यामुळं ते नीट लागत नसे. शेवटी वैतागून त्यानं सुतार बोलावला, तासून घट्ट बसवून घेतलं. त्यानंतर बाहेरचं हसणं आत आलं नाही, आणि त्याला किती बरं वाटलं होतं.