काकूचा केक

गुऱ्हाळातली काकवी गरम केली, की त्या वासासरशी माझ्या धाकट्या जावेनं कोरेगावच्या घरी केलेला पहिला केक आठवतो. लग्न होऊन ती नुकतीच पुण्याहून आली होती. घरात ओव्हन नव्हता, म्हणून तिनं कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, शिट्टी आणि रिंग काढून ठेवली. मैद्याऐवजी कणीक घेतली, साखरेऐवजी काकवी, अंड्याऐवजी दही. मनात म्हटलं, आता हिची लापशी होणार. पण असा खमंग वास सुटला, की सासूबाई पूजा अर्धवट टाकून आत आल्या. माझ्या पुरणपोळीला इतक्या वर्षांत ‘बरी हाय’च्या पुढं न गेलेल्या त्या बाईनं दुसरा तुकडा मागून घेतला. “लय मऊ झालाय गं!” वर मला म्हणाल्या, “तू बी शिकून घे हिच्याकडनं.” माझ्या पोटात असं दुखलं! शिकले मात्र. आता तो केक मीच करते, पुरणात घालतो तसं त्यात जायफळ किसते, तरी माझी मुलं त्याला ‘काकूचा केक’च म्हणतात. परवा तिचाच फोन आला. “ताई, तुमच्यासारखा माझा होत नाही हो, वेगळं काय घालता?” मी हातातलं जायफळ डब्यात टाकलं आणि म्हणाले, “काही नाही गं, तुझीच तर रेसिपी!”