आमच्या घरचा नामिबिया

आमच्या अण्णांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आम्ही एकाच दिवशी तीन गावांत साजरा केला, आणि तिन्ही गावं मिळून अण्णा दीड ठिकाणी हजर होते. कल्पना माझी होती. हे मी आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी सांगेलच.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते तीर्थपुरीला थोरल्या दादाकडे राहतात. आक्का, आमची बहीण, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. मी धाकटा. जालन्यात हायस्कूलला इतिहास शिकवतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. या फ्लॅटमध्ये अण्णांनी चार वर्षांत पाऊल ठेवलेलं नव्हतं. कारण ऐकल्यावर तुम्ही अण्णांचीच बाजू घ्याल, तरी सांगतो. वास्तुशांतीच्या दिवशी भारताचा सामना शेवटच्या षटकात आला होता, चार धावा हव्या होत्या, आणि नेमक्या त्या क्षणी मी टीव्ही बंद करून आभाराचं भाषण सुरू केलं. (हारतुरे, शाली आणि लांबलेली भाषणं यांची मी आयुष्यभर टिंगल करत आलोय. पण स्वतःच्या घरात स्वतःच्या हातात माईक आला, की माणूस कसा बिघडतो, हे इतिहासाच्या शिक्षकाला तरी ठाऊक असायला हवं होतं.) मी प्रस्तावनेत असतानाच अण्णा उठले, चपला घातल्या आणि जिन्यातून म्हणाले, "ज्या घरात शेवटची ओव्हर बघू देत न्हाईत, त्या घरचं पाणीसुद्धा पिणार न्हाई."

आणि प्यायले नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनला जालन्यात आले, तेव्हा दवाखान्यातून परस्पर तीर्थपुरीला गेले. तपासणीला येत, तेव्हा आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे रसवंतीवर बसून राहत. मंगल, माझी बायको, तिथं डबा घेऊन जाई. तो मात्र चाटूनपुसून खात. "डबा सुनबाईचा हाय," म्हणत. "घर गुरुजीचं हाय."

गुरुजी म्हणजे मी. राग नसेल तेव्हा ते मला सुधाकर म्हणतात. चार वर्षं मी गुरुजी होतो.

तर हा पंच्याहत्तरावा वाढदिवस मला सोडायचा नव्हता. काहीही करून अण्णांनी माझ्या घरी येऊन जेवावं, एवढंच मला हवं होतं. अडचण अशी, की वाढदिवस सगळ्यांनाच हवा होता. दिवाळीत तीर्थपुरीच्या ओसरीवर बैठक बसली.

"कार्यक्रम हितंच व्हईल," दादा म्हणाला. "अण्णा हितं राह्यतेत."

"राह्यतेत म्हणून तुझ्या नावावर केलेत का?" आक्का म्हणाली. "मी देवीला बोललेय. गुडघा बराबर झाला तर अण्णांच्या वजनाचा गूळ वाटीन म्हणून. गूळतुला माझ्याच दारात व्हईल."

"मंग गूळ हिकडं आण."

"देवी पण आणू का?"

दोन तास असे गेले. अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे शेवटून दुसरं पान वाचत होते. त्या पानावर पुढच्या विश्वचषकाची बातमी होती. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया हे तीन देश मिळून तो भरवणार आहेत. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (माझ्या डोक्यात पडलेल्या प्रकाशाचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही.)

"हे बघा," मी म्हणालो, "तीन देश मिळून विश्वचषक भरवतात. आपण तीन भावंडं मिळून एक वाढदिवस भरवू शकत नाही? सकाळी तीर्थपुरीत औक्षण, दुपारी जालन्यात जेवण, चार वाजता पिंपळगावला गूळतुला. प्रत्येकानं आपापले पाहुणे आपल्याकडे बोलवायचे. अण्णा तेवढे फिरतील. चषक नाही का गावोगाव फिरवत?"

अण्णांनी पेपर खाली केला. "म्हंजी मला गाडीत ठिवून मिरवणार."

"तसं नाही, अण्णा."

"असू दे. पण नियम पुरा वाचला का तुम्ही?" त्यांनी चष्मा सारखा केला. "आफ्रिका आन झिम्बाब्वे खेळणार हे पक्कं हाय. नामिबियाचं तसं न्हाई. मैदान त्यांचं, खुर्च्या त्यांच्या, झाडलोट त्यांची. पण खेळायचं तर पात्रता फेरी जिंकावी लागंल." मग बोटांवर मोजत म्हणाले, "थोरला आफ्रिका. आक्का झिम्बाब्वे." तिसरं बोट तसंच उभं ठेवलं. नुसतं माझ्याकडे बघत राहिले. ओसरीवरची सगळीच माणसं बघत राहिली.

"म्हणजे माझ्याकडे येणार का नाही?" मी विचारलं.

"पात्रता बघू."

विश्वचषकाआधी मैदानाच्या पाहणीला पथक येतं. माझ्याकडे दोघांचं आलं: दादा आणि अण्णांचे जोडीदार किसनबुवा. किसनबुवांनी आजवर फक्त बैलांची पारख केलेली, त्यामुळे त्यांनी आमच्या घराकडेही त्याच नजरेनं पाहिलं. दारं उघडून आत डोकावले. नळ सोडून पाहिले. मग सोफ्यावर बसले आणि त्यांना उठताच येईना.

"हे गिळून राह्यलंय मला," ते म्हणाले. दादानं आणि मी मिळून त्यांना बाहेर काढलं.

निर्णय जागेवरच झाला. सोफा बाहेर, बाज आत. टीव्ही बाजेच्या बराबर समोर. रिमोटात नवे सेल. "आन एक शब्द द्यायचा," किसनबुवा म्हणाले. "सामना चालू असला तर टीव्हीला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

मी शब्द दिला. मंगल म्हणाली, "भाषणाचं पण विचारून घ्या." तोही शब्द दिला.

बाज लिफ्टमध्ये मावली नाही. मी आणि वॉचमननं ती खांद्यावर घेऊन जिन्यानं चढवायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले, त्यांनी चपला काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "येणार आहेत."

वाढदिवस रविवारी होता. सकाळी साडेदहाला दादाचा फोन आला. "सुध्या, लोचा झालाय. पंच्याहत्तर दिवे लावायचेत. पंखा चालू केला की दिवे इझतेत, बंद केला की पाव्हणे उठतेत. दोनच्या आत निघणं होत न्हाई."

फोन ठेवतो तो आक्काचा. गूळतुलेला तिनं एका माजी सभापतींना बोलावलं होतं. ते चारऐवजी बारालाच येणार होते, कारण संध्याकाळी त्यांना आणखी तीन सत्कार होते. "त्यांच्याशी बोलत कोण बसंल? तुझे दाजी तर नुस्ते हसतेत. तू जल्दी ये. त्यांना थोपवून धर."

मी हिशेब केला. अण्णा दोनला निघाले, तर साडेतीनशिवाय जालन्यात येत नाहीत. तोवर मी मोटारसायकलवर पिंपळगावला जाऊन, सभापतींना मार्गी लावून परत येतो. अशी गणितं करून निघालेले सेनापती मी दरवर्षी नववीला शिकवतो.

मंगल दारात उभी होती. दुपारी आमचे चाळीस पाहुणे यायचे होते आणि आत चुलीएवढ्या गॅसवर येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसालेदार पिठाची, आमटी उकळत होती. अण्णांची आवडती. "यजमान तुम्ही," ती म्हणाली, "आणि निघालात कुठं?"

"आलोच."

पिंपळगावला पोचलो तर मांडवात आडतीवरचा जुना लोखंडी काटा टांगलेला. एका पारड्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्यात गादी. सभापती खुर्चीत बसलेले. मी त्यांना बोलतं केलं. (बोलतं करावं लागलं नाही.) ते खेळ आणि शेती यांच्या परस्परसंबंधावर आले असताना, सव्वा वाजता, मंगलचा फोन आला.

"अण्णा आलेत."

"कुठं?"

"आपल्या घरी. बाजेवर बसलेत."

मी मांडवाच्या बाहेर गेलो. "पण दिवे? दादा तर दोन म्हणाला होता."

"एकोणचाळीस दिवे झाले होते म्हणे. उरलेले पुढच्या वर्षी लावा म्हणाले आणि उठले. एमआयडीसीत सळया भरायला एक टेम्पो निघाला होता, त्यात बसून आले."

"एवढी कसली घाई?"

"अहो, दीड वाजता भारताची मॅच नाही का? भाऊजींकडच्या टीव्हीवर अण्णांच्याच फोटोचा फ्लेक्स लावलाय."

विश्वचषकाच्या धर्तीवर वाढदिवस आखणाऱ्या माणसानं क्रिकेटचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं.

"जेवले का?" मी कसंबसं विचारलं.

"दोन वाट्या आमटी झाली. तिसरी मागितलीय." मग हळूच म्हणाली, "पाणी पण प्यायले."

चार वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्या घरी घडत होतं, आणि मी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर एका माजी सभापतींना चहा देत होतो. धावत निघावं म्हणून मी मोटारसायकलला किल्ली लावली, तर आक्कानं ती काढून कमरेला खोचली.

"अण्णा आल्याशिवाय तू हितून हलायचं न्हाई. कधी येतेत?"

"मॅच संपल्यावर."

"कधी संपती?"

"रात्री."

आक्का खाली बसली. मग एकदम उठली. "मंगलला फोन लाव. टीव्ही बंद कर म्हणावं. उठतेत का न्हाई बघ."

"उठतील," मी म्हणालो. "आणि परत कधी यायचे नाहीत."

"आन देवीला मी काय सांगू? सभापतीला काय सांगू? सारा गाव बसलाय."

गाव खरोखरच बसला होता. पुढच्या रांगेतल्या बायका ढेपा मोजत होत्या. सभापती घड्याळाकडे पाहत होते. एक फोन केला असता, तर आक्काची तुला वेळेवर झाली असती, मी सुटलो असतो, आणि चार वर्षांनी मिळालेलं ते दोन घोट पाणी परत गेलं असतं. मी फोन खिशात ठेवला.

"आक्का," मी म्हणालो, "वजन घरातल्याच दुसऱ्या कुणाचं चालेल का?"

गुरवाला विचारण्यात आलं. त्यानं मला नीट आपादमस्तक पाहिलं. "रक्ताचा माणूस हाय. चालंल," तो म्हणाला. "आन ह्यांच्यात देवीला जास्तच जाईल, कमी न्हाई."

मी पारड्यात बसलो. पारडं जमिनीला टेकलं आणि तिथंच राहिलं. गूळ अण्णांच्या अंगाच्या मापानं आणला होता. अण्णा म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग, आणि मी मंगलच्या हातचं जेवणारा. दाजी हसत हसत दुकानातून गूळ आणायला गेले. पहिल्या दुकानातला संपला. दुसरं उघडून घेतलं. मधल्या वेळेत मी जमिनीवर टेकलेल्या पारड्यात, डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, गळ्यात हार आणि मांडीवर नारळ घेऊन बसलो होतो. ज्या ज्या गोष्टींची मी आजवर टिंगल केली होती, त्या सगळ्या माझ्या अंगावर होत्या.

सभापतींना निघायची घाई होती. त्यांनी लिहून आणलेलं भाषण जसंच्या तसं वाचलं. "पंच्याहत्तर वर्षं काळ्या मातीत राबलेले हे हात," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी हात शालीखाली घेतले. त्यांना आयुष्यात फक्त खडूच लागलेला होता. "या वयातही त्यांची ही प्रकृती पाहून तरुणांनी आदर्श घ्यावा." टाळ्या पडल्या. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

पारडं अखेर वर उचललं तेव्हा फोन वाजला. अण्णा होते.

"गुरुजी, घर चांगलं हाय. वारा झकास येतोय."

"हो, अण्णा."

"पण मालक कुठं दिसत न्हाई."

"मी काट्यात आहे."

"कशात?"

"आक्काकडं. गुळाच्या काट्यात. तुमच्या बदली."

पलीकडून समालोचक ओरडला. "मंग बसा नीट," अण्णा म्हणाले. "हितं चार विकेट गेल्यात. मला बोलायला येळ न्हाई."

मी घरी पोचलो तोवर सामना संपला होता, आमटी संपली होती आणि अण्णा बाजेवर घोरत होते. सकाळी चहा पिताना मी हळूच विचारलं, "मग अण्णा, पात्रता?"

"घर पात्र झालं," ते म्हणाले. "तुमचं बघू."

त्यानंतर ते प्रत्येक सामन्याला येतात. येताना किसनबुवांना आणतात. पारड्यातला माझा फेटेवाला फोटो आक्कानं मोठा करून पाठवला, तो अण्णांनी टीव्हीच्या वर लावायला लावला, म्हणजे जाहिराती लागल्या की बघता येतो. आता विश्वचषकासाठी त्यांनी सगळं आधीच ठरवून टाकलंय. पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत मुक्काम जालन्यात. बाजेवर अण्णा, किसनबुवा आणि टेम्पोवाला. बाजूच्या खुर्च्यांवर दादा, दाजी आणि सोसायटीचे सेक्रेटरी. दिवसभर ऐसपैस बसायचं तर आमच्या हॉलमध्ये एवढीच माणसं मावतात.

"आणि मी कुठं बसू?" मी विचारलं.

अण्णांनी पेपरातून मान वर केली नाही. "सुधाकर," ते म्हणाले. चार वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. "मैदान तुमचंच हाय की."

मंगलनं स्वयंपाकघराच्या दारातला स्टूल माझ्या नावानं राखून ठेवलाय. पण त्यावर येसराचा डबा असतो, आणि पात्रता फेरीत आत्ता तरी तो माझ्या पुढे आहे.