वठणीवर आणलेली घोडी

अलिबाग-रेवस रस्त्यावर धर्माजीचा टांगा सगळ्यांच्या पुढे असायचा. मुंबईची बोट चुकू नये म्हणून वकील-कारकून त्याचाच टांगा धरत. पण त्याचा खरा लौकिक वेगळाच होता. कुणाचं घोडं अडेल निघालं, लाथा झाडू लागलं, की मालक ते त्याच्या अंगणात आणून बांधी. धर्माजी त्याला उपाशी ठेवी, काटेरी लगाम चढवी, थळच्या ओल्या वाळूत फेस येईपर्यंत पळवी. परत जाताना घोडं अगदी गाय झालेलं असे. त्याची स्वतःची टांग्याची घोडी, लाली, हीही अशीच वठणीवर आलेली.

१९२९ च्या थंडीत अलिबागला तंबूतला सिनेमा आला. मुका, गोऱ्यांचा. मोठ्या टोपीचा एक गडी माळावरची रानघोडी दोर टाकून पकडतो आणि तिच्यावर मांड ठोकतो. घोडी उसळते, लोळते, शेवटी मान खाली घालते. तंबूत शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आपला धर्माजीच हाय त्यो!" धर्माजीने उभं राहून मिशीला पीळ दिला.

शेजारी एक म्हातारा चिनी फेरीवाला बसला होता, मांडीवर रेशमाचं गाठोडं घेऊन. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"काय रं, भ्यालास?" धर्माजीने विचारलं.

म्हातारा मोडक्या हिंदीत म्हणाला, "उधर घास था, पानी था. घोडी को सब मालूम था. आदमी ने नया क्या सिखाया? डरना." मग म्हणाला, "हमारा बाप भी घोडा रखता था. बोलता था, आदमी थोडा बाजू हटे, तो घोडा अपनेआप चलता."

धर्माजीने त्याचा शब्दन् शब्द नाकातून बोलून दाखवला. हशा पिकला. त्या भरात त्याने गाठोडं पायाने लोटलं. रेशीम धुळीत पसरलं. म्हाताऱ्याने एकेक कापड झटकून गोळा केलं आणि तो निघून गेला.

सकाळी धर्माजी लालीला दाणा घालायला गेला. तिच्या कपाळावरची माशी हाकायला त्याने हात उचलला, तशी लालीने डोळे गच्च मिटले. मान वळवली नाही, पाय हलवला नाही. मार पडायची वाट बघत नुसती उभी राहिली. हे ती रोजच करत असणार. त्याने पाहिलं मात्र आज.

लगाम न चढवताच त्याने तिला किनाऱ्यावर नेलं आणि मोकळं सोडलं. "जा," तो म्हणाला. समोर वाळूपलीकडे हिरवा चारा होता. लाली जागची हलेना. तो लांब जाऊन उभा राहिला, तरी ती त्याच्या हाताकडेच बघत होती. टोपल्या घेऊन कोळणी जात होत्या. त्यांच्यासमोर त्याची मान वर होईना.

"आज टांगा न्हाय जोडला?" घरी बायकोने, आवडाबाईने विचारलं.

"लाज वाटतेय गं."

"कुनाची?"

"घोडीची."

मग तो चालतच किहीमपर्यंत गेला, फेरीवाल्याला शोधत. म्हातारा सकाळच्याच बोटीने गेल्याचं कळलं. त्यानंतर दुसरे चिनी येत राहिले, तो कधी दिसला नाही.

धर्माजीने चाबूक टाकला. टांगा मागे पडू लागला, वकिलांनी दुसरे टांगे धरले. धर्माजी थकला, असं लोक म्हणत. त्याने खरं कारण आवडाबाईशिवाय कुणाला सांगितलं नाही. तरी जुन्या नावावर कुणी ना कुणी अडेल घोडं घेऊन येईच. तेव्हा आवडाबाई सांगे, "घरात न्हाईत ते." आणि मालक दिसेनासा होईपर्यंत धर्माजी दारामागे उभा राही.