सासूबाईंच्या अंगणात पडलेला फेकसुरा

११ ऑगस्ट १९६० रोजी चाड देश फ्रान्सच्या सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतरच्या कोरड्या हंगामात, कुमरा शहरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरील सारा जमातीच्या एका खेड्यात, न्गारलेम नावाच्या तरुणाने वडिलांच्या फेकसुऱ्याने, म्हणजे दुरून भिरकावून मारायच्या सुऱ्याने, रानातली गिनी कोंबडी मारून आणण्याचा शब्द दिला, आणि त्याच शब्दावर त्याचे लग्न अडून बसले.

शब्द घेणारे म्बायदुम. न्गारलेमच्या वाग्दत्त वधूचे, देनेमाजीचे वडील. ज्वारीच्या दारूने भरलेला भोपळा हाती असताना ते म्हणाले होते, "खांद्यावर सुरा टाकून नाचायला सगळ्यांनाच येतं, जावईबापू. त्याच्या जिवावर कालवणात काही पडतं का, ते सांगा. पडलं तर याच वर्षी पोरगी न्या. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

न्गारलेमचा हात वाईट नव्हता. उभ्या खोडात तो सुरा हमखास रुतवी. पण खोड पळत नाही. कोंबड्या त्याची चाहूल लागताच गवतात पांगत, आणि कोंबड्यांमागून सुराही गवतात गडप होई. मग उरलेला दिवस पात्याच्या शोधात जाई.

"तू शिकारीला जातोस की सुरा पेरायला?" जिमास्ता विचारी. हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, जाळे लावणारा. "माझं जाळं घे लेका. तुझ्या सासऱ्यांना काय कळतंय?"

"शब्द सुऱ्याचा दिलाय."

"मग म्हातारा होईस्तोवर उपाशी राहा."

न्गारलेमने मात्र एक गोष्ट हेरली होती. गवत जाळल्यावर जमीन उघडी पडते. सुरा हरवत नाही. म्हणून त्याने म्बायदुमांच्या घरामागचे जळलेले शिवार निवडले. एके सकाळी तिथे कोंबड्यांचा थवा सांडलेले दाणे टिपत होता. तो आणि जिमास्ता वारुळाआड दबून बसले. न्गारलेमने सुरा पायांच्या उंचीवर, आडवा भिरकावला.

राख उडाली, पंख फडफडले. सुरा कठीण मातीवर आपटून उसळला आणि चटयांच्या कुंपणावरून थेट म्बायदुमांच्या अंगणात गेला. पाठोपाठ मडके फुटल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ सासूबाईंचा.

न्गारलेम होता तिथेच पालथा पडला. सासूच्या समोर जाणे नाही, तिच्याशी बोलणे नाही. हा नियम जावयाला मोडता येत नाही, मग अंगणात त्याचाच सुरा का पडेना.

"जा की, आणायला," जिमास्ता हसू दाबत म्हणाला.

"गप्प बस."

काही वेळाने देनेमाजी बाहेर आली. एका हातात सुरा, दुसऱ्या हातात तंगडी मोडलेली, मान पिरगळलेली गिनी कोंबडी.

"आई म्हणते, ज्याचं आहे त्याने न्यावं. दोन्ही."

"ही माझ्या सुऱ्याने पडली?"

"ते मी पाहिलं नाही. आईने पाहिलं. तिला विचार." एवढे बोलून ती हसतच परत गेली.

संध्याकाळी म्बायदुमांनी कोंबडी उलटसुलट करून पाहिली. त्यांच्याही खुराड्यात अशाच ठिपक्यांच्या कोंबड्या होत्या. "फेकसुऱ्याने मारलीत?"

थाप मारणे सोपे होते. न्गारलेम म्हणाला, "मामा, सुरा मी फेकला. कोंबडी अंगणातून आली. याच्या पलीकडचं मला माहीत नाही."

म्बायदुम बराच वेळ हसत राहिले. "मडकं मात्र नक्की मारलंत. त्याला साक्षीदार आहे." मग ते आत वळून म्हणाले, "देने, कालवण चढव. भेंडी जरा जास्त घाल."

त्याच हंगामात लग्न झाले. न्गारलेम पुढे जिमास्ताबरोबर जाळे लावू लागला. सुरा तो नाचाच्या दिवशी खांद्यावर घेई.

ती कोंबडी रानातली होती की खुराड्यातली, आणि तिची तंगडी सुऱ्याने मोडली की सासूबाईंनी, हे आजही अज्ञात आहे. ठाऊक होते ते एकट्या सासूबाईंना. इतर कोणी विचारले की त्या म्हणत, "ज्याचा सुरा, त्याने विचारावं." आणि त्याला तर त्यांच्याशी बोलण्याची मुभाच नव्हती.