पडायच्या आधी की पडल्यावर?

मला बघायला अकोल्याहून जे स्थळ आलं होतं, त्यातल्या मुलाला मी पसंत पडले नाही आणि मला मुलगा. मला आवडल्या त्या मुलाच्या आई, आणि त्यांना आवडला आमचा पत्त्यांचा खेळ.

पत्ते म्हणजे रमी नव्हे. मी अमरावतीत एका फार्मसी कॉलेजात शिकवते. रविवारी दुपारी धाकटा भाऊ, मी आणि शेजारची मैत्रीण आमच्या गच्चीवरच्या खोलीत हा खेळ मांडून बसतो. मैत्रिणीच्या घरचा कापडाचा व्यापार आहे. ती बोलायला मराठीत सुरुवात करते आणि रंगात आली की उर्दूत शिरते. या खेळात एकमेकांना हरवायचं नसतं. सगळ्यांनी मिळून राक्षसांच्या फौजेपासून एक किल्ला वाचवायचा. कोणी ढालवाली, कोणी तिरंदाज, कोणी वैद्य. राक्षसांची पानं वेगळ्या गड्डीत असतात. त्यातलं वरचं पान उलटायचं आणि त्यावर लिहिलेलं निमूट सोसायचं.

त्या रविवारी पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. "तुम्ही दोघं वर जाऊन बोला," असं मोठ्यांनी सांगितलं तेव्हा खोलीभर अर्धवट डाव पसरलेला होता. मुलगा पानं चुकवत पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "मी सरळच सांगतो. पुण्यात माझी एक मैत्रीण आहे. लग्न तिच्याशीच करायचंय. घरी अजून बोललो नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"आईनं गाडी ठरवून टाकली होती."

तो इतका कसनुसा झाला होता की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. नकार आमच्याकडून कळवू, असं मी सांगितलं. पण घरी त्यानंच सांगायचं आणि उशीर करायचा नाही, ही अट घातली. लगेच खाली उतरलो तर बरं दिसणार नाही, म्हणून आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो. तेवढ्यात त्याच्या आईच जिना चढून वर आल्या.

"हे काय मांडून ठेवलं वं?"

मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि खालीच बसल्या. "मले कोन व्हाचं हाय?"

त्या वैद्य झाल्या. मुलगा ढालवाली झाला, मी तिरंदाज. किल्ला अर्ध्या तासात पडला. खालून चहासाठी तिसरी हाक आली तेव्हा कुठे काकू उठल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नकार कळवला. दहा-पंधरा दिवसांनी आईच्या फोनवर काकूंचं नाव दिसलं आणि आईचा चेहराच बदलला. तिला वाटलं, ते पुन्हा विचारताहेत. तिनं फोन स्पीकरवर टाकला. बाबा पेपर खाली ठेवून ऐकू लागले.

"पोरीले द्या बरं जरा," काकू म्हणाल्या. मी "हॅलो" म्हटलं. "हं, आयक. ढालवालीनं ढाल धरली अन राक्षसानं सगळ्याइलेच एकेक जखम देल्ली. तं ढाल तिचीच जखम अडवते का आमा सगळ्याइची?"

बाबांनी पेपर पुन्हा उचलला.

काकूंनी मुलाला सांगून खेळ मागवला होता आणि त्यांच्या भिशीतल्या दोघी बायकांना शिकवलाही होता. पानांवरचं इंग्रजी त्या फोनचा कॅमेरा धरून मराठीत करून घेत. पडलेल्या पात्राला उठवणारं जे पान होतं, त्याचं फोननं 'पडलेल्या वीराला वाढवा' असं केलं होतं. त्या दिवशी दुपारी तिघींनी बराच वेळ विचार केला, की आता याला काय वाढायचं?

तेव्हापासून त्या थेट मलाच फोन करू लागल्या. "काकू, माझं प्रॅक्टिकल सुरू आहे," असं मी म्हणावं, तर "हो, पन राक्षस दारात उभा हाय न," असं उत्तर. मुलं परीक्षानळ्या हलवत असत आणि मी व्हरांड्यात उभी राहून विषाचा उतारा सांगत असे.

एकदा मात्र त्यांनी मलाही कोड्यात टाकलं. नियम असा, की जीव संपला की पात्र पडतं. पण पडण्याआधी त्याला शेवटचं एक पान खेळता येतं. काकू म्हणाल्या, "माही वैद्य मरून राहिली. तिच्या हातात ते उठवाचं पान हाय. शेवटचं पान म्हनून तेच टाकलं, तं ते सोतालेच उठवन का नाई? इथं भांडन लागलं."

मी पान आठवून पाहिलं, नियमांची पुस्तिका डोळ्यांपुढे आणली. "काकू, ते पान कोणासाठी आहे?"

"पडलेल्यासाठी."

"आणि तुमची वैद्य पडली का?"

काकू त्या बायकांना सांगताना ऐकू आल्या, "आंधी पडू तं द्या तिले! पडलीच नाई तं उठवाचं कोनाले?" आणि मला म्हणाल्या, "अन पडल्यावर?"

"पडल्यावर पान खेळता येत नाही."

"म्हंजे दोन्हीकडून मेलीच," त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "एक सांग. माह्या पोरात काय खोट होती वं?"

"खोट काहीच नव्हती, काकू. पण हे तुम्ही त्यांनाच विचारा."

त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मी मुलाला मेसेज केला, 'आज सांगा. मला तुमच्या आईशी खोटं बोलता येणार नाही.' त्याचं उत्तर आलं नाही, आणि काकूंचे फोनही थांबले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मैत्रीण म्हणाली, "नाराज हो गयी होंगी." मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं. कॉलेजात फोन वाजला की मी अजूनही व्हरांड्यात जायची, आणि फोन बँकेचा निघायचा.

एका संध्याकाळी शेवटी त्यांचा फोन आला.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगायचं त्यांनी होतं, काकू."

त्या म्हणाल्या, "तेबी बरोबरच हाय. आन पोरगी कुठली हाय, मालूम हाय का? बाळापूरची! घरापासून घंटाभरावर. बाळापूरचीच पाहाची होती तं पुन्याले काहून गेला हा?" मला हसू आवरलं नाही. त्यांनाही आवरलं नसावं. "ते दोघं रविवारी येऊन राहिले. मी तिच्याशी काय बोलू? तू येजो. चौघं खेळू."

आई म्हणाली, ज्या घरी नकार दिला तिथे जायची ही कुठली रीत? तरी तिनं डब्यात चिवडा भरून दिला. मी सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले.

मुलगी सलवार-कमीजची ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट घेऊन सोफ्याच्या काठावर बसली होती. काकू तिला "आपण चहा घेणार का?" असं पुस्तकी मराठीत विचारत होत्या, आणि ती "चालेल" म्हणत होती. मुलगा दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. मी खेळ काढला.

पहिला तासभर बरा गेला. मग राक्षसांच्या गड्डीतून विषारी बाण आला. ज्याला त्याची जखम होईल, त्याला पुढच्या पाळीत आणखी एक जखम. काकूंनी आधीच ढाल लावून ठेवली होती. जखम अडली. पण विषाचं काय?

"विष तं लागनच," काकू म्हणाल्या. "बान येऊन भिडला न."

मुलगी पान हातात घेऊन वाचत होती. तिची ओढणी कधीच खाली घसरली होती. "नाही लागत," ती म्हणाली.

"लागते."

"अवं काकू, तुमी चुकून राहिल्या! जखम झाली तं विष, असं लिवलं हाय. जखम झालीच नाई तं विष लागन कायले?"

मुलाचा हात चहाच्या कपावर तसाच थांबला. मुलीनंही जीभ चावली. काकूंनी तिच्या हातातून पान घेतलं, चष्मा वर-खाली केला, फोनचा कॅमेरा धरला, आणि पुन्हा वाचलं.

"हो न वं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू काहून चूप होती?"

"तुमचं दोघींचं चाललं होतं म्हणून."

त्या डावात किल्ला वाचला. ऑटोपर्यंत मला सोडायला काकू स्वतः आल्या. "भांडते चांगली," त्या म्हणाल्या. स्वर तक्रारीचा नव्हता.

आता ती मुलगी त्या घरची सून आहे. दोघं पुण्यात असतात, पण नियमाचं काही अडलं की काकू तिलाच फोन लावतात. मला कधी कधी चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. परवा त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं, तर मी वर्ग अर्धवट सोडून बाहेर आले. त्यांना अमरावतीच्या गिलावड्याची कृती हवी होती, सून येणार होती म्हणून. ती कृती मला येत नाही. मी आईचा नंबर दिला. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई अजून त्यांच्याशीच बोलत होती.