सदलग्याच्या आक्कांचा माईक

धाकट्या भावानं जीव दिल्यानंतर मी टिळकवाडीतल्या एका गटात जाऊ लागलो. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा-बारा जण बसायचे. कुणी असंच आपलं माणूस गमावलेलं, कुणाच्या स्वतःच्याच मनात मरणाचे विचार. पाळी आलेल्याला बोलायचं नसेल तर जोर करायचा नाही, त्याच्याबरोबर सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं, ही तिथली रीत.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं मोबाईलवर आलं. मुलीनं शिकवून मला होस्ट, म्हणजे बैठक चालवणारा, केलं. घरात माझं कुणी ऐकत नाही, आणि इथं एका बटणात बारा जणांची तोंडं बंद! बायको म्हणाली, "बघा हं, डोक्यात चढंल." चढलंच. एका शनिवारी कुणाचा कुकर, कुणाचा टीव्ही. वैतागून मी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि पाळी येईल तसा एकेकाचा सुरू करू लागलो.

सदलग्याच्या आक्कांची पाळी आली. रेंज कमी म्हणून कॅमेरा बंद, त्यामुळं पडद्यावर त्यांची चौकट काळीच होती.

"बोला आक्का."

काहीच आलं नाही. रीतीप्रमाणे आम्ही माना खाली घालून गप्प बसलो. बऱ्याच वेळानं मी, अगदी मायेनं, म्हणालो, "बरं, राहू दे. पुढचं कोण?"

पडद्यावरून आक्कांची चौकट गेली. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांचा माईक तुम्ही सुरूच केला नव्हता."

बैठक तिच्यावर टाकून मी आक्कांना फोन लावला. चौथ्यांदा उचलला.

"आता कशाला, अण्णा? मी मरायचं बोलले. तुम्ही राहू दे म्हणलासा."

"आक्का, कुणालाच ऐकू आलं न्हाय. आवाज मीच बंद ठेवलेला."

"कुणालाच न्हाय?"

"न्हाय."

त्या रडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "तीन आठवडं बोलायचं जुळवत हुते. परत न्हाय जमायचं."

"नका बोलू. पण फोन ठेवू नका. घरात कोण हाय?"

"जाऊ हाय. तिला यातलं काय ठावं न्हाय."

"तिला हाक मारा. मी सांगतो."

त्यांनी मारली नाही. लग्नघरात तासन् तास बडबडणारा मी, जेवलासा काय, एवढंच दोनदा विचारलं. शेवटी आक्कांनी जावेला मारलेली हाक ऐकू आली आणि जाऊबाई फोनवर आली. मी तिला सगळं सांगितलं.

"बसले हितं तिच्यापाशी," ती म्हणाली. "पर अण्णा, मगाशी बैठकीत ती काय बोलली हुती?"

त्यातला एक शब्दही मी कुणाला ऐकू दिला नव्हता.