आईचं बटन आणि माझा मेन

आई रोह्यात एकटी राहायची आणि मी पेणला, सासरच्या गणपतींच्या कारखान्यात. एकदा ती न्हाणीघरात घसरली, तेव्हा मी तिच्या गळ्यात अलार्मचं लाल बटन बांधलं. पडलीस तर दाबायचं, मग भिंतीवर बसवलेला अलार्म आपोआप कारखान्यात फोन लावणार. मोबाइलचा नंबर मुद्दाम दिला नाही. हात रंगात असले की माझा मोबाइल कुठल्या डब्याखाली असतो देव जाणे.

मग दोन्हीकडचे जुने फोन गेले आणि इंटरनेटवाले आले. आईकडे आलेल्या माणसाने टीव्हीमागे एक पांढरा खोका ठोकला. "मावशी, आता फोन, टीव्हीचा बॉक्स, अलार्म, सगळं ह्याच्यावरच." मी विचारलं, मग फोनची लाइन कुठाय? म्हणे, फोन इंटरनेटमधून येतो. आणि टीव्ही? तोपण. डोक्यावरून गेलं सगळं, पण शहाण्यासारखी मान हलवली.

आठवड्यात आईचा फोन लागेना. एसटीने रोहा गाठलं, तर खोका बंद. टीव्ही बघून झाला की आई भिंतीवरचं टीव्हीचं बटन बंद करायची, जन्माची सवय. अशी भडकले मी! "अगं, ह्याला लाईट नाही मिळाली की फोन मेला, अलार्म मेला! गळ्यातलं काय शोभेला घातलंयस?"

"पण टीवी कुठं चालू हाय?"

"टीव्हीचा काय संबंध!"

"मग टीवीच्या मागं कशाला लावलान?"

मी भिंतीवरच्या बटनावर चिकटपट्टी मारली आणि दम भरला, हात लावलास तर याद राख.

आमच्या आळीत एक रीत आहे. पूर्वी एका कारखान्यात ठिणगी पडून पेंढ्यासकट मूर्ती जळाल्या. तेव्हापासून कारखाना रिकामा सोडताना मेन स्विच पाडायचा, मूर्तींना हात जोडायचे, मग कुलूप. लग्नानंतर सासऱ्यांनी मला पहिलं हेच शिकवलं. मेन पाडला तरी जुना फोन वाजायचा. मागच्या घरात ऐकू आला की मी उष्ट्या हाताने धावायचे.

गणपतीच्या आधीचे दिवस. दुपारी मेन पाडून जेवायला गेले, जरा पाठ टेकली. तीनच्या सुमाराला येऊन मेन वर केला आणि थोड्याच वेळात फोन वाजला. आईच्या शेजारच्या वहिनी. "अहो, आई पडल्यात. अळू द्यायला गेले तर स्वयंपाकघरात आडव्या. दीड वाजल्यापासून म्हणे."

रोह्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच, म्हातारीने बटन बंद केलंन. दवाखान्यात तिचा पाय बांधलेला बघूनही तोंडातून तेच निघालं. "केलंस ना बंद परत?"

"नाय गो. चालूच व्हतं. लई वेळा दाबलं मी. तुजा फोनच लागत नव्हता."

विश्वास बसेना. तशीच घरी गेले. चिकटपट्टी जागच्या जागी, खोक्यावर हिरवा दिवा चालू, अलार्मही चालू. मग फोन गेला कुठे? इकडून निघाला तर तिकडे पोचला का नाही? वेड्यासारखी त्या खोक्याकडे बघत राहिले. असलाच खोका माझ्याही कारखान्यात फळीवर आहे, हे किती वेळाने आठवलं कुणास ठाऊक. आणि मग आठवला दुपारी पाडलेला मेन. लाईट नाही मिळाली की फोन मेला, हे मीच ओरडून सांगितलं होतं ना?

परत जाऊन आईला सगळं सांगितलं.

"म्हंजे तुजं पण बटन बंद व्हतं?"

"हो."

"मग तुला कोण ओरडलं?"

मला रडू आवरेना. तिने माझा हात धरला. "उगी गो. ती चिकटपट्टी उरली हाय ना? घेऊन जा पेणला."